पाय माझ्या टेबलावर येण्याआधी

मी कृत्रिम पाय बनवतो. हातही बनवतो, पण पायच जास्त. एकोणीस वर्षं झाली, प्लॅस्टरचे साचे घेतोय, सॉकेट (उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती) घासतोय, आणि नव्या पायावर पहिलं पाऊल टाकणाऱ्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे उभा राहतोय. नवा माणूस आला की टेप हातात घेण्याआधी मी एकच विचारतो, सुरुवात कशाने झाली? उत्तर वहीत लिहून ठेवतो. कामाला लागलो तेव्हा वाटायचं की वही अपघातांनीच भरेल. अपघात आहेतच त्यात. पण पानोपानी दिसतं ते वेगळंच. नवा बूट चावला. कुरूप ब्लेडने काढलं. पाय शेकताना भाजला, कळलंच नाही. बुटात खडा होता, संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं.

पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे लिहितोय. यात माझ्या धंद्याचं नुकसान आहे. होऊ दे.

आधी शब्दाचा अर्थ. अँप्युटेशन म्हणजे हात-पाय किंवा त्याचा भाग कापून काढणं. घोट्यापासून किंवा त्याच्या वरून पाय काढला, मनगटापासून किंवा त्याच्या वरून हात काढला, तर ते मोठं अँप्युटेशन. पायाचं बोट किंवा पावलाचा पुढचा भाग काढणं हे डॉक्टरांच्या भाषेत लहान. ज्याचं बोट गेलं त्याला ते लहान वाटत नाही, कबूल. पण टाच शाबूत राहिली की माणूस रात्री उठून आपल्याच पायाने बाथरूमपर्यंत जाऊ शकतो. वरून कापलं की तो आधी कृत्रिम पाय शोधतो, उरलेल्या पायावर लायनर म्हणजे मऊ मोजा चढवतो, मग उठतो. गुडघा वाचला तरी चालायला साधारण 10 ते 40 टक्के जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वरून कापलं तर हीच वाढ 60 ते 100 टक्क्यांपर्यंत जाते. तरुण अपघातग्रस्ताला ती झेपते. ज्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत त्याच्या हृदयाच्याही अनेकदा तुंबत आलेल्या असतात, त्याला ती झेपेलच असं नाही. मधुमेहाने किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने पाय गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं पाच वर्षांत जातात. मी बनवलेले कितीतरी पाय घरच्यांनी परत आणून दिलेत.

दुखत नाही, हीच खरी गडबड

मधुमेहात पाय जातो तो तीन गोष्टी एकत्र आल्यावर. नसा बधिर होतात म्हणून जखम कळत नाही. रक्त कमी पोचतं म्हणून ती भरत नाही. साखर जास्त असल्याने जंतूंना आवर बसत नाही, म्हणून ती आत शिरते, आधी मांसात, मग हाडात. मधुमेहाने झालेल्या अँप्युटेशनपैकी सुमारे 85 टक्क्यांमध्ये आधी पायावर साधी जखम झालेली असते. म्हणजे बहुतेकांच्या हातात मध्ये काही दिवस, काही आठवडे असतात. ते कसे जातात हे मी रोज ऐकतो. 'दुखत नव्हतं, म्हणून म्हटलं बघू.'

पॉल ब्रँड नावाचे एक शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांचे हातपाय तपासू लागले. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की या आजारात मांसच सडतं आणि बोटं गळून पडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं, वेदना गेलेली असते. वेदना नसलेला माणूस तापलेलं भांडं पकडून ठेवतो, खिळ्यावर चालत राहतो. मधुमेहाच्या पायाची आजची बरीचशी काळजी, पायाला प्लॅस्टर घालून जखमेवरचा भार काढणं धरून, त्या कामातूनच पुढे आली आहे. मी शिकत असताना हे ऐकलं आणि तेव्हापासून 'दुखतंय का?' हा प्रश्न विचारणंच सोडलं. त्याऐवजी विचारतो, 'शेवटचं तळवा कधी बघितलात?'

घरच्या घरी तपासणी

संवेदना गेली आहे की नाही हे माणसाला स्वतःला कळत नाही, हळूहळू जाते ना. त्यासाठी दवाखान्यात 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात. घरी धागा नसला तरी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी एक सोपी पद्धत काढली आहे, ती मी येणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना शिकवतो. माणसाला आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही, टकटक करायची नाही. त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. एकेका बोटाला एकदाच स्पर्श. नाही कळलं तर नाही कळलं, पुन्हा संधी द्यायची नाही. (नवऱ्याला पास करायचंच म्हणून हळूच दाबणाऱ्या बायका मी पाहिल्यात.) सहापैकी दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर पाय बधिर आहे असं धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

पाय पूर्ण ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. बधिरपणा किंवा रक्तपुरवठ्याचा दोष यांपैकी एक असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बिघडला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि बधिर किंवा रक्त कमी असलेल्या पायावर पूर्वी कधी जखम झाली असेल, किंवा काही कापलं गेलं असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी.

रक्तपुरवठ्याची तपासणीही साधीच असते. घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजतात. एक मेख आहे. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो. 1.40 च्या वर आला तर खूश होऊ नका. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. घरी लक्ष ठेवायच्या खुणा म्हणजे ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येणं आणि थांबलं की सुटणं. रात्री पाय दुखणं आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटणं ही खूण तर फारच वाईट. माणसं म्हणतात, 'खुर्चीत बसूनच झोपतो हल्ली, आराम पडतो.' तो आराम नाही, रक्त उताराने खाली जातंय. तसं होत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

रोजची दहा मिनिटं

वेळ ठरवून टाका. मी रात्री झोपण्याआधीची सुचवतो, कारण दिवसभरात काय झालं ते तेव्हा दिसतं. उजेडात बसा. तळवा, टाच, बोटांच्या मधल्या खाचा बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. नजर अधू असेल तर दुसऱ्याने बघावं, यात लाजण्यासारखं काही नाही. लाल चट्टा, फोड, भेग, कोपऱ्यात रुतलेलं नख, घट्ट्याखाली काळसर डाग बघा. हा शेवटचा डाग लोक हमखास सोडून देतात. घट्ट्याच्या आत रक्त साकळलंय म्हणजे त्याखाली जखम तयार होतेय.

मग हात फिरवा. दोन्ही पायांच्या त्याच जागा हाताच्या मागच्या बाजूने तपासा, एक जास्त गरम लागतो का. कपाळाला धरायचा थर्मामीटर घरी असेल तर आकडे लिहून ठेवा. एकाच जागी दोन पायांत 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना कळवा. जखम उघडण्याआधी आत दाह सुरू होतो, तो असा पकडता येतो.

धुताना पाणी कोमट, 37 अंशांच्या आत, आणि ते कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने बघायचं. पायाने बघायचं नाही, तोच तर खोटं सांगतो. पाय भिजवत ठेवायचे नाहीत. बोटांच्या मध्ये नीट पुसायचं. कोरड्या टाचेला क्रीम लावा, बोटांच्या खाचेत नको. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे आत खोदू नका. कुरुपाच्या पट्ट्यांमध्ये ॲसिड असतं, बधिर पायाला त्या वापरूच नका, ब्लेड तर अजिबात नको. गरम पाण्याची पिशवी आणि हीटर पायाजवळ आणू नका. माझ्या वहीत एक निवृत्त शिक्षक आहेत. थंडीत पायाशी पिशवी घेऊन झोपले, सकाळी टाचेवर पावाएवढा फोड. चार महिन्यांनी माझ्यासमोर बसले होते.

बूट, थोडं सविस्तर

हा माझा विषय, म्हणून जरा लांबेन.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजून मोठा झालेला असतो. घ्यायला जाण्याआधी कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा, कापा, आणि तो कागद दुकानात बुटाच्या आत सरकवा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, विक्रेता 'सैल होईल' म्हणेल तरी. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी, त्याहून जास्त नको, नाहीतर पाय आत घसरून टाच घासते. बोटांच्या वर उंची पुरेशी हवी, कारण बधिर पायाची बोटं हळूहळू वाकडी होतात आणि त्यांचे सांधे वरच्या चामड्याला लागतात. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा, पाय बघायचा. लाली दहा-पंधरा मिनिटांत जात नसेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही महाग असो.

घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. वर आलेला खिळा, सुटलेली शिवण, लहान मुलाने टाकलेलं खेळणं, सगळं मी बाहेर काढलंय. मोजे शिवण नसलेले किंवा उलटे करून घातलेले, आणि पांढरे किंवा फिक्या रंगाचे. कारण साधं आहे, त्यावर डाग दिसतो. घरातही अनवाणी फिरायचं नाही. ज्यांचा आकार बिघडलाय त्यांनी तयार बुटात पाय कोंबू नये. मऊ, साच्यावर बेतलेला तळ करून घ्यावा, जो भार सगळ्या तळव्यावर वाटून देतो.

एका गोष्टीने आमच्या क्षेत्रातलेही फसतात. पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला, पण जखम नाही, दुखणंही फार नाही. लोक संधिवात समजतात, मुरगळला समजतात, आणि चालत राहतात. मधुमेहात बधिर पायाचं हे रूप म्हणजे आतली हाडं मऊ पडून मोडत असण्याची शक्यता. त्याला शार्को फूट म्हणतात. चालत राहिलं तर तळव्याची कमान उलटी होऊन होडीच्या बुडासारखी होते आणि मग तिथे जखम ठरलेलीच. त्या दिवसापासून पायावर भार नाही, आणि ज्याला हा आजार माहीत आहे त्या डॉक्टरकडे जायचं.

जखम झालीच तर

त्याच दिवशी दाखवा. उद्या नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा, हळद-पावडर काही भरू नका, त्याने जखमेचा तळ दिसत नाही. आणि चालणं थांबवा. मलम कितीही भारी असो, प्रत्येक पावलाला चिरडली जाणारी जागा भरत नाही. म्हणून डॉक्टर गुडघ्यापर्यंतचं न काढता येणारं प्लॅस्टर किंवा बूट देतात. काढता येणारा दिला तर काय होतं त्याची मोजणीही झाली आहे. 2003 मधल्या एका अभ्यासात रुग्णांनी तो बूट दिवसाच्या हालचालींपैकी फक्त 28 टक्के वेळा घातला होता. घरातल्या घरात कोण घालतंय, असं वाटतं. पण माणूस चालतो घरातच जास्त.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, धीटपणे. रक्तपुरवठा मोजला का? हाडापर्यंत गेलं आहे का? पायावरचा भार कसा काढायचा? आणि कोणी 'कापावं लागेल' म्हणालं, पण धमन्या तपासल्याच नसतील, तर विचारा की रक्तवाहिन्यांच्या सर्जनने बघितलंय का. फुग्याने धमनी उघडणं किंवा बायपास यांनी कित्येक पाय वाचतात, निदान बोटावर निभावतं. मात्र जखमेच्या आसपास लाली वेगाने पसरत असेल, दुर्गंधी, ताप, थंडी, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर असा आवाज, काळे-जांभळे फोड असतील, तर दुसरं मत घेत बसायला वेळ नसतो. तिथे तास मोजले जातात आणि वेळेवर केलेली शस्त्रक्रियाच जीव वाचवते. कधी कधी कापणं हाच बरोबर निर्णय असतो, हेही मी बघितलंय.

साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचं सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही. तंबाखूबद्दल मात्र बोलतो. माझ्याकडे येणाऱ्या पस्तीस-चाळिशीतल्या, मधुमेह नसलेल्या माणसांचा एक वेगळा गट आहे. बोटांपासून सुरू होतं, आधी एक बोट, मग दुसरं, मग पाय, कधी हातही. हा बर्जरचा आजार. लिओ बर्जर या डॉक्टरांनी 1908 मध्ये त्याचं वर्णन केलं. याला तंबाखू पूर्ण सोडणं हा एकच खरा उपाय आहे. गँगरीन होण्याआधी जे पूर्ण सोडतात त्यांचं अंग जवळजवळ नेहमी वाचतं. 'दिवसाला दोनच' चालत नाही. चघळायचा तंबाखूही तितकाच वाईट. एकाला मी दोनदा मापं घेतली, चार वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या पायांची. दुसऱ्या वेळी त्याच्या खिशात तंबाखूचं पाकीट होतं.

जिथे घड्याळ चालू असतं

हा भाग वेगळा, इथे आठवडे नाहीत, तास आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याच्या रक्तात गुठळी तयार होऊन पायाच्या धमनीत अडकू शकते. पाय एकाएकी भयंकर दुखतो, पांढराफटक आणि गार पडतो, मुंग्या येतात, मग बोटं हलत नाहीत. साधारण सहा तासांत रक्त सुरू व्हायला हवं. शेकू नका, चोळू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

हाड मोडल्यावर किंवा पाय चिरडल्यावर आतला दाब वाढून रक्त अडतं, तेव्हाही हेच घड्याळ चालतं. ओळखायचं कसं? दुखापतीच्या मानाने वेदना फार जास्त, गोळीने न थांबणारी, आणि बोटं कोणी हळूच ताणली तर ओरडायला होतं. प्लॅस्टर घातलेलं असेल तर ते ताबडतोब आतल्या पट्टीसकट, कातडीपर्यंत उघडावं लागतं. 'प्लॅस्टर आहे, दुखणारच' असं म्हणून रात्र काढू नका. मोडलेल्या हातावर कुणी फळ्या करकचून बांधल्याने गेलेले लहान मुलांचे हात मी बनवलेत. बोटं निळी पडली, सुजली, बधिर झाली की बांधलेलं सोडा, कोणीही बांधलेलं असो. साप चावल्यावर वर दोरी आवळणंही असंच, दोरीनेच पाय जाऊ शकतो.

रक्ताची धार लागली असेल तर आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, सोडून सोडून बघू नका. हातपायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून आवळा, रक्त थांबेपर्यंत. वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहा, दोन तासांच्या आत रुग्णालयात पोचा, वाटेत सैल करू नका. इथे आवळणं बरोबर आणि सापाला चूक, हा गोंधळ करू नका. एकीकडे रक्त वाहून माणूस मरतोय, दुसरीकडे नाही.

तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवला तर गोठून निकामी होतो. 1962 मध्ये बॉस्टनला एका बारा वर्षांच्या मुलाचा खांद्याजवळ तुटलेला हात पहिल्यांदा यशस्वीपणे जोडला गेला, तेव्हापासून हे शक्य आहे. पण जितकं मांस जास्त तितका वेळ कमी. बोट थंड ठेवलं तर बारा तासही टिकतं, हात-पाय नाही.

यंत्रावरच्या कामगारांना एवढंच सांगतो. फिरणाऱ्या भागाजवळ हातमोजे आणि सैल बाही घालू नका, आणि यंत्रात अडकलेलं काढण्याआधी वीज बंद करून स्विचला कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात. विजेचा धक्का बसल्यावर बाहेर छोटा डाग दिसला तरी आत स्नायू भाजलेले असू शकतात, घरी बसू नका. आणि वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ रात्री दुखत असेल, सूज जात नसेल, तर मालीश न करता एक्स-रे काढा. हाडाची गाठ लवकर सापडली तर आजकाल बहुतेक वेळा पाय राखूनच उपचार होतात.

आता ज्यांचा एक पाय गेलाच आहे त्यांचं. ते माझ्याकडे येतात तेव्हा सगळं लक्ष कापलेल्या बाजूकडे असतं. सॉकेट नीट बसेल ना, जिना चढता येईल ना. मी टेबलावर बसवतो आणि आधी दुसऱ्या पायाचा बूट काढायला सांगतो. आता सगळा भार त्याच्यावर आहे, ज्या आजाराने पहिला गेला तो याच्यातही आहे. परवा एक बाई म्हणाल्या, 'अहो, हा चांगला पाय आहे, ह्याला काही नाही.' मी मोजा काढला. करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढा फोड होता, पाणी भरलेला, अजून न फुटलेला. मापाची टेप तशीच ठेवली आणि त्यांच्या मुलाला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला.